फुकट मिळालेल्या संहितेची शर्त

लिंक्सिस कंपनीची डब्ल्यूआरटी५४जी ही निळ्या-काळ्या रंगाची, पाठीमागे दोन अँटेना उभारलेली राउटरची पेटी २००२च्या अखेरीस अमेरिकेत विक्रीस आली आणि पुढच्याच वर्षी सिस्को या बलाढ्य कंपनीने लिंक्सिसच विकत घेतली. परंतु या खरेदीत मालमत्तेबरोबर एक असे ऋणही सिस्कोच्या माथी आले, की जे पैशांत मोजण्याजोगे नव्हते.

त्या पेटीत लिनक्स ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आहे, हे जिज्ञासू प्रोग्रामरांनी २००३ साली उघडकीस आणले. लिनक्स कोणीही विनामूल्य घ्यावे, बदलावे, आपल्या मालात घालून विकावे, त्यास मज्जाव नाही. मात्र ज्या जीपीएल परवान्यान्वये ते मिळते, त्याच्या १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीची शर्त अशी, की विक्रेत्याने त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, मालाबरोबर द्यावी, नाहीतर मागेल त्याला ती देण्याची किमान तीन वर्षांची लेखी हमी द्यावी. शर्त मोडली की परवाना संपुष्टात येतो आणि पुढची विक्री प्रताधिकाराचा भंग ठरते. कंपनीचे स्वतंत्र प्रोग्राम केवळ त्याच पेटीत शेजारी नांदतात म्हणून खुले करावे लागत नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण या भीतीपोटीच पुष्कळ व्यवस्थापक परवाना वाचण्याचेच टाळतात.

लिंक्सिसला चिप ब्रॉडकॉमकडून आली होती आणि लिनक्सवर बेतलेले सॉफ्टवेअरही पुरवठ्याच्या त्याच साखळीतून आले होते. तरी जबाबदारी ज्याच्या नावाने पेटी विकली जाते त्याच्यावरच येते, आणि ते मला सर्वस्वी न्याय्य वाटते. लिंक्सिसने संहिता प्रसिद्ध केली. तिच्यातूनच २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला आणि सामान्य ग्राहकाच्या पेटीला निर्मात्यांनी न योजलेली कामे करता येऊ लागली. एवढ्यावर प्रकरण मिटले नाही. अन्य उत्पादनांतील कसुरीबद्दल, जीपीएल परवाना तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने डिसेंबर २००८मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात सिस्कोविरुद्ध फिर्याद गुदरली, आणि मे २००९च्या तडजोडीत परवानापालनावर देखरेख ठेवणारा स्वतंत्र अधिकारी लिंक्सिससाठी नेमण्याचे सिस्कोने मान्य केले.

पुण्यामुंबईत बसून परदेशी कंपन्यांसाठी अशा पेट्यांचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या अभियंत्यांना माझी विनंती आहे, की उसन्या घेतलेल्या प्रत्येक घटकाची त्याच्या परवान्यासह नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी, आणि पुरवठादाराकडून चिप घेताना तिची संहिताही करारनाम्यातच मागून घ्यावी.