चिखलातली शर्यत – भाग ४ : हंगाम नेमका कोणाचा?

गेल्या भागात आपण सायक्लोक्रॉसचा मार्ग पाहिला. अडीच ते साडेतीन किलोमीटरची फेरी, तिच्यात गवत, वाळू, चिखल, पायऱ्या, चाळीस सेंटिमीटर उंचीच्या फळ्या, आणि सायकल खांद्यावर टाकून पार करायचे चढ. आज एक अख्खा हंगाम पाहू. मी २०२२-२३ चा घेतला आहे. या खेळातलं सर्वांत जुनं भांडण त्या हिवाळ्यात अगदी उघड्यावर आलं. वर्षाचा खरा मानकरी कोण? ऑक्टोबरपासून दर रविवारी चिखलात उतरणारा, की नोव्हेंबरच्या अखेरीस येऊन सगळ्यांना मागे टाकणारा?

आधी कॅलेंडर समजून घ्यायला हवं, कारण नवख्या प्रेक्षकाचा गोंधळ तिथेच होतो. या खेळात एकाच हिवाळ्यात तीन मालिका शेजारी शेजारी चालतात. पहिली विश्वचषकाची. त्या वर्षी तिच्यात चौदा शर्यती होत्या. सुरुवात ऑक्टोबरात अमेरिकेतल्या वॉटरलू आणि फेएटव्हिलला, मग चेक प्रजासत्ताकातलं ताबोर, पुढे बेल्जियम, नेदरलँड्स, डब्लिन, इटलीतल्या व्हाल दी सोलेचा बर्फ, स्पेनमधलं बेनिडॉर्म आणि शेवटी फ्रान्समधलं बेझांसाँ. पहिल्याला ४० गुण, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २५. दुसरी मालिका सुपरप्रेस्टिज. तिथे पहिल्याला १५, दुसऱ्याला १४, असे उतरत पंधराव्याला एक गुण मिळतो. तिसरी एक्सटूओ करंडकाची, आणि तिचा हिशेब गुणांचा नसून वेळेचा असतो. प्रत्येक शर्यतीत विजेत्याच्या किती मागे राहिलात, ती मिनिटं-सेकंदं हंगामभर साठत जातात. म्हणून त्या मालिकेत हरलेली शर्यतही शेवटपर्यंत जीव तोडून चालवावी लागते. मला या तिन्हींत हीच पद्धत सर्वांत न्याय्य वाटते.

या तिन्ही मालिकांच्या बहुतेक शर्यती फ्लँडर्समध्ये आणि त्याला लागून असलेल्या डच गावांत होतात. तिथल्या हिवाळ्याचं वेळापत्रकच त्यांनी बांधलेलं असतं. १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सुट्टीच्या दिवशी, कोप्पेनबर्गच्या चढावर शर्यत. डिसेंबरच्या शेवटी डिएगेम गावात दिव्यांच्या उजेडात रात्रीची शर्यत. १ जानेवारीला बाल गावात, म्हणजे दोनदा जगज्जेता झालेल्या स्वेन नीसच्या घरच्या मातीत. नाताळापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तर जवळजवळ रोज कुठे ना कुठे शर्यत असते. लोक तिकीट काढून, गमबूट घालून येतात.

शर्यत तासाभराची असते, पण तिच्यामागे दिवसभराचे कष्ट असतात. कोकणात भातलावणीला खाचरात उतरलेल्याला ठाऊक आहे की चिखल पायाला नुसता लागत नाही, तो पाय धरून ठेवतो. चाकाचंही तसंच होतं. टायरची रुंदी नियमाने ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि हवा इतकी कमी ठेवतात की अंगठ्याने दाबलं तर टायर आत जातो. चिकणमाती गियरमध्ये, ब्रेकमध्ये, फ्रेमच्या सांध्यांत भरत जाते आणि सायकल बघता बघता जड होते. म्हणून मार्ग असा आखतात की एका फेरीत पिटजवळून, म्हणजे सायकल बदलायच्या जागेजवळून, दोनदा जाता यावं. खेळाडू मळलेली सायकल सोडून देतो, धुतलेली पकडतो, आणि तो अर्धी फेरी संपवून परत येईपर्यंत मेकॅनिक पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पहिली सायकल धुऊन, तेल देऊन तयार ठेवतो. चिखल जास्त असेल तेव्हा हे दर अर्ध्या फेरीला होतं. मोठ्या संघाच्या खेळाडूकडे यासाठी पगारी माणसं असतात. मागच्या रांगेतल्या कित्येकांसाठी फवारा धरणारा माणूस म्हणजे वडील किंवा भाऊ.

रांग म्हणालो ते शब्दशः घ्या. सुरुवातीला एका ओळीत जास्तीत जास्त आठ जण उभे राहतात, आणि कोण पुढे हे आधी कमावलेल्या गुणांवर ठरतं. पहिल्या वळणानंतर वाट अरुंद होते, त्यामुळे चौथ्या ओळीतला खेळाडू पहिल्या अर्ध्या मिनिटातच अडकून पडतो. त्यात ऐंशी टक्क्यांचा नियम आहे. फार मागे पडलेल्याला आघाडीवरच्याने गाठण्याआधीच मार्गावरून बाहेर काढतात. म्हणजे ऑक्टोबरातल्या कमाईची किंमत जानेवारीतही असते. नियमांनी सातत्याला दिलेला हा मान मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता २०२२-२३ कडे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुरुषांमध्ये पुढे होते बेल्जियमचे एली इझरबिट, मायकेल व्हान्टूरेनहाउट आणि लॉरेन्स स्वेक. यातल्या स्वेकने मासमेखेलेन आणि बेक्से बेर्गेन, दोन्हीकडच्या विश्वचषक शर्यती जिंकल्या. वाळूत त्याचा हात धरणारे फार थोडे. मग २७ नोव्हेंबरला हुल्स्टच्या जुन्या तटबंदीवर माथ्यू व्हॅन डर पूल हंगामात पहिल्यांदा उतरला आणि जिंकला. आठवड्याने अँटवर्पला पुन्हा तोच. त्यानंतर डब्लिनला वाउट व्हॅन आर्ट. जानेवारीत बेनिडॉर्मला या दोघांची स्प्रिंट झाली आणि व्हॅन डर पूलने ती घेतली. दोघं रस्त्यावरच्या शर्यतींतले अव्वल खेळाडू. त्यांचा हिवाळा हा वसंतातल्या मोठ्या लढायांच्या तयारीचा भाग असतो, आणि ती तयारी किती पक्की होती ते लगेच दिसलं. व्हॅन डर पूलने २०२३ च्या मार्चमध्ये मिलान–सान रेमो आणि एप्रिलमध्ये पॅरिस–रुबे जिंकली.

५ फेब्रुवारीला नेदरलँड्समधल्या होगरहाइडे इथे जागतिक अजिंक्यपद. तिथल्या मार्गावर व्हॅन डर पूलचे वडील आद्री यांचा हात आहे. ते स्वतः १९९६ चे जगज्जेते. गतविजेता टॉम पिडकॉक आलाच नाही. पहिल्याच फेरीत व्हॅन डर पूल आणि व्हॅन आर्ट बाकीच्यांना सोडून निघाले आणि शेवटच्या वळणापर्यंत एकमेकांना सोडलं नाही. तासभर दोघांपैकी एकाचीही घोडचूक नाही. फळ्यांवरून दोघांच्याही सायकली उडत होत्या, पायऱ्यांवर दोघं खांद्याला खांदा लावून धावत होते. शेवटच्या डांबरी पट्ट्यावर व्हॅन डर पूलने पुढे राहूनच वेग वाढवला आणि व्हॅन आर्टला तो भरून काढता आला नाही. व्हॅन डर पूलचं हे पाचवं विजेतेपद. व्हॅन आर्टकडे २०१६ ते २०१८ ची तीन होती. इझरबिट तिसरा आला. मी पाहिलेल्या सायक्लोक्रॉस शर्यतींत यापेक्षा सरस एकही नाही.

आणि तरीही त्या वर्षीचा विश्वचषक जिंकला लॉरेन्स स्वेकने. चौदा शर्यतींचा हिशेब झाला तेव्हा तो सगळ्यांच्या वर होता. यावर अनेकांनी नाक मुरडलं: दोन दिग्गज सगळ्या शर्यतींना आले असते तर? हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ते आले नाहीत. विमानाने विस्कॉन्सिनमधल्या वॉटरलूला जाणं, ताबोरच्या थंडीत उभं राहणं, झोनहोव्हेनच्या वाळूच्या खड्ड्यात हजारो लोकांसमोर पुन्हा पुन्हा उतरणं, सर्दी-खोकल्यात, पडून खरचटलेल्या कोपराने पुढच्या रविवारी पुन्हा ओळीत हजर होणं, ही या खेळातली स्वतंत्र परीक्षा आहे आणि ती स्वेक पास झाला. जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी एका दिवसाच्या सर्वोत्तमाला मिळते. चषक त्या वर्षी जवळजवळ चार महिन्यांचा होता.

महिलांच्या शर्यती पाहिल्या की हे आणखी स्पष्ट होतं. तिथे ताऱ्यांची आणि रोजच्या कष्टकऱ्यांची अशी फाळणी नव्हती. वीस वर्षांची फेम व्हॅन एम्पेल, जी आधी फुटबॉल खेळायची, अमेरिकेतल्या दोन्ही शर्यती जिंकून निघाली. तिच्याच वयाची पक पीटरसे फळ्यांवरून सायकल न उतरता उडी घेत तिला गाठत राहिली. तिसरी शिरिन व्हॅन आन्रॉय, तीही २००२ चीच. तिघी डच, तिघी एकमेकींच्या मागे महिनोन्महिने. होगरहाइडेला व्हॅन आन्रॉयने तेवीस वर्षांखालील गटात उतरायचं ठरवलं आणि ते विजेतेपद घेतलं. मुख्य गटात व्हॅन एम्पेल पहिली, पीटरसे दुसरी, लुसिंडा ब्रांड तिसरी. विश्वचषकही व्हॅन एम्पेलचाच. तिच्याबाबतीत हंगामाचा निकाल आणि त्या एका दिवसाचा निकाल जुळला, कारण ती दोन्हीकडे हजर होती. त्या हिवाळ्यात एकाच गटाच्या शर्यती पाहायच्या असतील तर मी डोळे झाकून महिलांच्या सुचवेन.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने पुढे कॅलेंडर आवळलं. २०२४-२५ मध्ये विश्वचषक बारा शर्यतींचा झाला आणि सुरू झाला थेट २४ नोव्हेंबरला, अँटवर्पपासून. अमेरिका गेली, ऑक्टोबर गेला. मोठी नावं जास्त शर्यतींत दिसावीत यासाठी हे सोयीचं आहे, प्रवासही वाचतो, हे मान्य. पण स्वेकसारख्या खेळाडूला स्वतःचं नाव मोठं करायला जे आठवडे मिळायचे तेच यात कापले गेले. शिवाय युरोपबाहेरच्या मुलांना हा खेळ आपल्या अंगणात पाहायला मिळायचा, तोही बंद झाला. माझ्या मते हा निर्णय चुकला.

वाचकांना एक विनंती. हिवाळ्यात आपल्याकडची घड्याळं बेल्जियमच्या साडेचार तास पुढे असतात, त्यामुळे तिथे दुपारी तीनला सुटणारी पुरुषांची शर्यत आपल्याला संध्याकाळी साडेसातला पाहता येते आणि महिलांची त्याआधी. व्हॅन डर पूल येईपर्यंत थांबू नका. विश्वचषक नसला तरी ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी, मोठं नाव एकही नसताना, पहिली शर्यत पाहा.