अंगणातल्या झाडाला गाठी आल्या, म्हणून कुऱ्हाड?

पुण्या-मुंबईहून बदली होऊन दिल्लीला गेलेल्या कुटुंबाला सरकारी क्वार्टरच्या मागे बहुधा एखादे मोठे झाड आयतेच मिळते. कडुनिंब किंवा जांभूळ असेल तर प्रश्न नसतो, ती घरचीच मंडळी. पण कधी कधी ते झाड अनोळखी निघते. सावली छान देते, म्हणून कोणी त्याचे नाव-गाव विचारीत नाही. मग एके दिवशी कपडे वाळत घालताना गृहिणीचे लक्ष जाते. पानापानावर हिरवे-तपकिरी फोड उठलेले असतात. काही पाने इतकी वेडीवाकडी झालेली, की हात लावायला नको वाटावे. माळी म्हणतो, रोग पडला. शेजारी म्हणतात, मुलांना बाधेल, तोडून टाका. आणि वीस-पंचवीस वर्षांचे झाड तासाभरात जमीनदोस्त व्हायची वेळ येते.

अशा वेळी घाई करू नये. त्या फोडांत काय आहे हे समजून घेतले, तर कुऱ्हाडीची गरज क्वचितच उरते.

आधी झाड ओळखा

फोड कशाचे आहेत, हे कळण्यासाठी प्रथम झाडाचे नाव कळले पाहिजे. कारण गाठी करणारे कीटक फार चोखंदळ असतात. बहुतेकांचे झाड ठरलेले असते, झाडाचा भागही ठरलेला असतो आणि गाठीचा आकारही. म्हणून झाड ओळखले, की अर्धे उत्तर हाती येते.

दिल्लीच्या रस्त्यांवर आणि वसाहतींमध्ये हमखास भेटणारे एक झाड म्हणजे सप्तपर्णी. आपल्याकडे त्याला सातवीण म्हणतात, बंगालमध्ये छातिम. त्याची खूण सोपी आहे. फांदीच्या एकाच पेरावर चार ते सात, कधी त्याहूनही अधिक लांबट, चकचकीत पाने छत्रीच्या काड्यांसारखी गोलाकार फुटतात. पान तोडले, की पांढरा चीक येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिरवट पांढऱ्या फुलांचे घोस येतात आणि संध्याकाळनंतर त्यांचा उग्र गोड वास गल्लीभर पसरतो. पुढे बारीक, लांब शेंगा जोडीजोडीने लोंबू लागतात. त्याच्या हलक्या लाकडाच्या पूर्वी मुलांसाठी पाट्या करीत. शास्त्रीय नावातला ‘स्कोलॅरिस’ हा शब्द त्यावरूनच आला.

पानावरचे पाळणाघर

सातवीणीच्या पानांवरचे फोड हे एका चिमुकल्या कीटकाचे काम आहे. संत्र्याच्या बागाईतदारांना ‘सायला’ ही कीड चांगलीच ठाऊक आहे. हा कीटक तिच्याच भाऊबंदांपैकी. मादी कोवळ्या पानावर अंडी घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू पानाचा रस शोषू लागते आणि तिथल्या पेशींची वाढ बिघडते. त्या भराभर वाढून पिल्लाभोवती घर बांधतात. पिल्लाला भिंतीही मिळतात आणि आतल्या आत जेवणही. वाढ पुरी झाली, की गाठ उकलते आणि पंख फुटलेला कीटक बाहेर पडतो. म्हणजे पाळणाघर झाडाने बांधायचे, खर्चही झाडानेच करायचा आणि मूल मात्र दुसऱ्याचे! इंग्रजीत अशा गाठीला ‘गॉल’ म्हणतात.

या गाठी कीटकांमुळे होतात हे इटलीतील मार्चेल्लो माल्पिगी या वैद्याने १६७९ मध्ये सविस्तर मांडले. आपल्या देशात या विषयावर मोठे काम झाले ते दिल्लीपासून जवळच, आग्र्याला. तेथील सेंट जॉन्स कॉलेजातील कीटकशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. मणी यांचा वनस्पतींवरील गाठींविषयीचा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो जगभर आधारभूत मानला गेला.

दिल्लीत दिसणाऱ्या इतर झाडांवरही अशा गाठी असतात. करंजाच्या पानांवर बोटांसारखे बारीक उंचवटे येतात, ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी-किडीमुळे. अर्जुनाच्या पानांवर पुटकुळ्या येतात. विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर टसर रेशमाचे किडे वाढवणाऱ्यांना त्या परिचित आहेत. उत्तर प्रदेशाच्या तराई भागात आंब्याच्या फांदीवर पालवी फुटण्याऐवजी हिरवे, टोकदार शंकू येतात. तेही सायलाच्याच एका जातीचे घर असते.

बाळगुटीतल्या गाठी

गाठीचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांना एक गंमत सांगायला हवी. आपल्या आजीच्या बाळगुटीच्या डब्यात दोन गाठी वर्षानुवर्षे होत्याच. मायफळ हे नावाने फळ असले, तरी ते फळ नव्हे. तुर्कस्तान-इराणकडच्या ओक वृक्षावर गांधीलमाशीच्या जातीतला एक बारीक कीटक अंडी घालतो आणि तिथे जी टणक गाठ धरते, तेच आपले मायफळ. त्यात टॅनिन भरपूर असते, म्हणून ते तुरट लागते. मायफळ आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत. कीटक बाहेर पडण्यापूर्वी तोडलेले, भोक नसलेले मायफळ अधिक चांगले समजतात.

दुसरी गाठ काकडशिंगी. हिमालयाच्या पश्चिम भागातील एका झाडावर मावा किडीमुळे शिंगासारख्या पोकळ गाठी होतात, त्या वाळवून औषधात वापरतात. लहान मुलांच्या बालचातुर्भद्र चूर्णातही ती असते. अर्थात पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असे आजचे डॉक्टर सांगतात, तेव्हा गुटीचा निर्णय त्यांना विचारूनच घ्यावा. आणि मायफळ औषधी म्हणून अंगणातल्या झाडावरची कोणतीही गाठ उगाळून पाहण्याचा मोह मुळीच नको.

प्रत्येक वाढ गाठ नव्हे

झाडावर दिसणारे सारेच काही गाठ नसते. नखाने खरवडून पाहा. फोड पानाचाच भाग असेल आणि निघत नसेल, तर ती गाठ. कापसासारखा पांढरा पुंजका बोटाने पुसला जात असेल, तर तो पिठ्या ढेकूण. खोडावर राखाडी पापुद्रे दिसले, तर ते बहुधा आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे नातेवाईक आणि निरुपद्रवी. फांदीवर निराळ्याच पानांचा झुबका वाढला असेल, तर ते बांडगूळ. ते झाडाचे अन्नपाणी पळवते, म्हणून वेळीच काढावे.

खरी काळजी करायची ती मात्र एका गोष्टीची. बुंध्याशी किंवा मुळांजवळ लाकडासारखी कडक, फळीसारखी अळंबी उगवली असेल, तर झाड आतून कुजत असण्याचा संभव असतो. मे-जूनमध्ये दिल्लीत धुळीची वादळे येतात, तेव्हा अशी झाडे कोसळतात. घर, रस्ता किंवा मुलांची खेळण्याची जागा जवळ असेल, तर जाणकाराला ताबडतोब दाखवा. पानांवरच्या हजार फोडांपेक्षा बुंध्यावरची एक अळंबी अधिक घातक ठरू शकते.

मग करायचे काय?

मोठ्या, निरोगी सातवीणीला पानांवरच्या गाठींनी सहसा धोका नसतो. पाने कुरूप दिसतात, काही लवकर गळतात, एवढेच. लहान रोपाची मात्र वाढ खुंटू शकते. त्यावरची गाठींची पाने उकलण्याआधीच तोडून नष्ट करावीत, गळालेला पालाही झाडून घ्यावा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि हात धुवावेत. औषध फवारण्याचा उपयोग फारसा होत नाही. गाठ दिसू लागते तोवर पिल्लू आत सुरक्षित बसलेले असते. उलट त्या पिल्लांवर जगणारे उपयोगी कीटकच फवाऱ्याने मरतात.

हा कीटक माणसाला चावत नाही, की शेजारच्या तुळशीवर, मोगऱ्यावर जात नाही. फुलांच्या उग्र वासाने काहींचे डोके दुखते हे खरे, पण तो दोष गाठींचा नव्हे.

प्रत्येक गाठ अशी निरुपद्रवी असते, असे मात्र समजू नये. भंडारा-गोंदियाच्या भातशेतकऱ्याला विचारा. गादमाशीने धरलेल्या भाताच्या फुटव्याचा चंदेरी पोंगा होतो आणि त्याला लोंबी येतच नाही. चार महिन्यांच्या पिकाला ते नुकसान भरून काढायला वेळ नसतो. मोठे झाड दर वर्षी नवी पालवी काढते, त्याच्याकडे वेळच वेळ असतो.

शेवटी कायद्याची गोष्ट. झाड आपल्या अंगणात असले, तरी ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. दिल्लीत १९९४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि सालीची कडी काढून किंवा विष घालून झाड मारणेही त्या कायद्याने तोडण्यातच जमा धरले आहे. नोएडा आणि गुरुग्राम दुसऱ्या राज्यांत असल्याने तिथले नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रातील शहरांसाठी १९७५ चा कायदा आहे.

तेव्हा पानावर फोड दिसले, की कुऱ्हाडवाल्याला बोलावण्याआधी एक पान तोडा, मुलांना जवळ बसवा आणि ब्लेडने गाठ अलगद कापून भिंगातून पाहा. आतले इवलेसे पिल्लू दिसले, की मुलांचीच भीती आधी पळेल. नंतर झाडाचे नाव एका पाटीवर लिहून बुंध्याशेजारी रोवा. तुमची बदली झाल्यावर त्या घरात येणाऱ्या कुटुंबाला ते झाड अनोळखी राहणार नाही.