लहान पेटी, मोठी उष्णता

उचलून नेता येईल असा छोटेखानी, तयार गेमिंग डेस्कटॉप घेताना लोक आधी ग्राफिक्स कार्डाचं नाव बघतात. माझ्या मते आधी बघावी ती हवेची वाट. संगणक जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आरटीएक्स ४०६० कार्डाची मर्यादा ११५ वॅट, तर ४०९० ची ४५० वॅट. एवढी उष्णता दहा लिटरच्या पेटीतून काढायची तर लहान पंख्यांना जोरात फिरावं लागतं, आवाज वाढतो. तरीही भागलं नाही तर चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. पंखे हवा घेतात ती खोलीतलीच, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात हा हिशेब आणखी कडक होतो.

मग लॅपटॉपच का घेऊ नये? रोजचा प्रवास असेल तर जरूर घ्यावा. पण लॅपटॉपमधल्या ४०९० ला फार तर १७५ वॅट मिळतात आणि चिप बहुधा बोर्डावर कायमची सोल्डर केलेली असते. छोट्या डेस्कटॉपचं खरं मोल बदलता येणाऱ्या भागांत आहे: १७० मिलिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स बोर्ड, एसएफएक्स मापाचा पॉवर सप्लाय. कंपनीने स्वतःच्याच मापाचे भाग बसवले असतील, तर एक बिघडला की सगळं अडतं. म्हणून दुकानात बाजूचं झाकण उघडून दाखवायला सांगावं. कार्डाचे पंखे जाळीतून थेट बाहेरची हवा ओढतात का, धूळ झाडायला जाळी निघते का, आणि प्रवासात हादरे बसणाऱ्या जड कार्डाला खालून आधार आहे का, हे तिथेच दिसतं.