'रोमिंग' म्हणजे नेमकं काय? भटकंतीचा शब्द फोनच्या बिलावर कसा आला?

"रोमिंगवर आहे रे, ठेव! पोचलो की करतो."

बारा-पंधरा वर्षांपूर्वी गणपतीला दादरहून कोकणात निघालेल्या गाडीत हे वाक्य हमखास ऐकू यायचं. पलीकडचा माणूसही समजून घ्यायचा आणि लगेच फोन ठेवायचा. गंमत म्हणजे इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ आहे मनाला येईल तिकडे मोकळं भटकणं. मग आपल्याकडे त्याच शब्दाची धास्ती का होती?

शब्द आला कुठून?

'रोम' हे क्रियापद इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळतं. हिंडणं, ठरावीक ठिकाणी जायचं नसताना फिरणं, हा त्याचा अर्थ. त्याची व्युत्पत्ती निश्चित नाही. रोम शहराच्या यात्रेला निघालेल्या लोकांवरून तो आला असं सांगितलं जातं, पण भाषेचे अभ्यासक ते मानत नाहीत. 'रोमियो' या इटालियन नावाचा अर्थ मात्र खरोखरच 'रोमचा यात्रेकरू' असा होतो. म्हणजे आपल्या नाक्यावरच्या रोडरोमियोचं नाव मुळात एका भाविकाचं आहे!

आज हा शब्द बऱ्याच ठिकाणी भेटतो. ब्रिटनमध्ये 'राइट टू रोम' म्हणजे डोंगर-माळरानावर पायी फिरण्याचा हक्क. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० साली त्यासाठी कायदा झाला. 'फ्री-रोमिंग' कुत्रा म्हणजे मोकाट फिरणारा कुत्रा, मग त्याला मालक असो वा नसो. व्हिडिओ गेममध्ये 'फ्री रोम' म्हणजे ठरलेली कामगिरी बाजूला ठेवून नकाशावर कुठेही भटकण्याची मुभा. या सगळ्यांत मोकळीक आहे. अपवाद फक्त फोनचा.

दादर एका सर्कलमध्ये, रत्नागिरी दुसऱ्या

मोबाइल सेवेसाठी देशाचे विभाग पाडले गेले. त्यांना 'सर्कल' म्हणतात. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, कल्याण या भागाचं सर्कल वेगळं आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. त्यामुळे पणजीचा नंबर पुण्यात आला तरी तो आपल्याच सर्कलमध्ये असायचा आणि दादरचा नंबर पुण्यात 'परका' ठरायचा. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर मुंबईची हद्द ओलांडून पुढे गेली की फोनवर स्वागताचा मेसेज यायचा आणि माणसं फोन आवरता घ्यायची. कंपनी दोन्हीकडे एकच असली तरी रोमिंग लागायचं ते लागायचंच.

येणाऱ्या कॉलचेही पैसे का?

याचं उत्तर रोमिंग चालतं कसं, यात आहे. चाळीतला माणूस गावाला जाताना शेजाऱ्याकडे पत्ता ठेवून जातो, तसंच हे. प्रत्येक नंबरची एक मूळ नोंदवही कंपनीकडे असते. रत्नागिरीत फोन सुरू केला की तिथली पाहुण्यांची नोंदवही मुंबईच्या मूळ नोंदवहीला कळवते, 'तुमचा माणूस आमच्याकडे आहे.' कोणी तुमचा नंबर लावला की आधी मूळ नोंदवही पाहिली जाते आणि मग कॉल रत्नागिरीकडे वळवला जातो.

फोन करणाऱ्याला तुम्ही गावी गेलात हे ठाऊक नसतं, म्हणून त्याला मुंबईच्याच नंबरचा दर लागायचा. मुंबई ते रत्नागिरी या उरलेल्या टप्प्याचा भार तुमच्या माथी यायचा. कारण हिंडायला तुम्ही गेला होतात.

मग ते संपलं कसं?

'ट्राय' या दूरसंचार नियामकाने हे दर टप्प्याटप्प्याने खाली आणले. रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा २०१३ मध्ये मिनिटाला ७५ पैसे होती, ती १ मे २०१५ पासून ४५ पैसे झाली. देशभर मोफत रोमिंग हे उद्दिष्ट २०१२ च्या दूरसंचार धोरणातच होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते देशांतर्गत रोमिंग मोफत देतच. पुढच्या वर्षी इतर मोठ्या कंपन्यांनाही ते शुल्क सोडावं लागलं.

नोंदवह्यांची देवाणघेवाण मात्र आजही चालते. दादरचा फोन चिपळूणमध्ये अजूनही रोमिंगवरच असतो, फक्त त्याचे पैसे लागत नाहीत. वादळ-पुरात एका कंपनीचे टॉवर बंद पडले, तर सरकारच्या आदेशाने ग्राहकांना दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क वापरू दिलं जातं. तेही रोमिंगच.

धास्ती आता कुठे उरली?

परदेशात. तिथे दुसऱ्या देशातली कंपनी तुमच्या कंपनीकडून पैसे घेते आणि ते शेवटी तुमच्याकडून वसूल होतात. लेकीकडे किंवा मुलाकडे निघालेल्या आईवडिलांनी दोन गोष्टींतला फरक लक्षात ठेवावा. 'आंतरराष्ट्रीय रोमिंग' ही सेवा कंपनीकडून सुरू करून घ्यावी लागते. 'डेटा रोमिंग' हे बटण तुमच्या फोनमध्ये असतं. पहिली सेवा सुरू आणि दुसरं बटण बंद, अशी व्यवस्था ठेवली तर बँकेचा ओटीपी एसएमएसने येऊ शकतो आणि इंटरनेटचं बिल वाढत नाही. व्हिडिओ कॉल घरच्या वायफायवर करता येतात. पण साधा कॉल उचलला तर पॅक नसल्यास पैसे लागू शकतात, त्यामुळे निघण्याआधी कंपनीचे दर पाहून घ्या. विमानातही फोन फ्लाइट मोडवरच ठेवा. काही विमानांत स्वतंत्र नेटवर्क असतं, त्याला फोन आपोआप जोडला गेला तर त्याचा दर वेगळा आणि चढा असतो.

कोकणच्या गाडीत आता कोणी "रोमिंगवर आहे" म्हणून फोन ठेवत नाही. बोगद्यात रेंज गेली की तो आपोआप बंद पडतो, तेवढंच.