आजोबांच्या ट्रंकेतलं निजामी तिकीट

नांदेड, लातूर हा मुलूख पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणून इथल्या जुन्या पत्रांवर निजामाची तिकिटं सापडतात.

• सुरुवात : पहिलं तिकीट १८६९चं. १८७१च्या मालिकेवर किंमत उर्दू, मराठी, तेलुगू, इंग्रजीत.

• चित्रं : १९३१च्या मालिकेत एका आण्यावर चारमिनार, आठ आण्यांवर अजिंठा, रुपयावर दौलताबादचा मनोरा.

• उर्दूत ‘सरकारी’ छाप : कचेरीच्या टपालाचं तिकीट.

• मोल : जुनं म्हणजे महाग नव्हे, कमी किमतीची तिकिटं भरपूर छापली गेली. दाते शाबूत, चित्र मध्यावर, पाठ न विरलेली, तर भाव चांगला.

• पाकीट : गावाचा शिक्का स्पष्ट वाचता येत असेल, तर तिकीट सोडवू नका. अख्खं पाकीटच जपा.