पोतं नाही, ट्रक नाही, तरी माल परदेशात!

इंझोरीहून तुमच्या बचतगटांची समन्वयक बोलते आहे.

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "माझा पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरवर बसतो आणि अमेरिकेचं काम करतो म्हणतो. तो विकतो तरी काय?"

प्रश्न चांगला आहे. आपलं सोयाबीन पोत्यात भरून जातं. पुतण्याचा माल तारेतून जातो. तिकडच्या बँका, दवाखाने, दुकानं कॉम्प्युटरवर चालतात. त्यांचे प्रोग्राम इथली मुलं-मुली लिहितात, बिघडले तर दुरुस्त करतात. मोबदला डॉलरमध्ये येतो. ही सेवेची निर्यात. 2023-24 मध्ये भारताची अशी निर्यात सुमारे 200 अब्ज डॉलरची होती.

ती वाढली कशी? पहिलं कारण तार. पूर्वी आपले इंजिनिअर तिकडे पाठवावे लागत. 1991 मध्ये केंद्र सरकारनं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क ही संस्था काढली. पुणे तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक. कंपन्यांना उपग्रहाची लाइन मिळाली, निर्यातीवर करात सवलत मिळाली. पुढे समुद्राच्या तळातून मुंबईला येणाऱ्या केबलनं काम आणखी वेगानं जाऊ लागलं.

दुसरं कारण खर्च आणि घड्याळ. तेच काम इथं कमी पैशात होतं. शिवाय त्यांची रात्र म्हणजे आपला दिवस. त्यांनी संध्याकाळी सांगितलेलं काम त्यांच्या सकाळपर्यंत तयार!

तिसरं कारण विश्वास. जुने कॉम्प्युटर वर्षाचे शेवटचे दोनच आकडे धरत. 2000 साल लागताना हिशेब चुकण्याची भीती होती. ती दुरुस्ती भारतीय कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर केली आणि गिऱ्हाईक टिकलं.

पण सगळ्याच्या मुळाशी आहेत शिकलेली माणसं. इथं जमीन लागत नाही, भांडवलही थोडं पुरतं. इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात सुरू झाली ती 10,000 रुपयांवर. ते पैसे सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिले होते. बाईच्या बचतीची ताकद आपल्याला कुणी वेगळी सांगायला नको.

आता आपल्या पोरींचं बघा. "इंजिनिअरिंगचा खर्च झेपत नाही," म्हणून बारावीनंतर त्यांना घरी बसवू नका. 2024-25 पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी कॅप फेरीतून हवा. एससी, एसटी मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत.

राहण्या-जेवणाचा खर्च उरतो. त्यासाठी गटातून कर्ज देता येईल का, हे पुढच्या बैठकीत ठरवू. म्हैस घ्यायला आपण कर्ज देतो, मग पोरीच्या शिक्षणाला का नाही?

उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर, आत्ताच सेतू केंद्रातून काढून ठेवा. ऐन वेळी कागदासाठी पोरीचा प्रवेश हुकायला नको.