नांदापूरचा वाचक

नरहर कुरुंदकरांचा जन्म 15 जुलै 1932 रोजी नांदापूरचा. तेव्हा हे गाव निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. 1 मे 1999 पासून ते हिंगोली जिल्ह्यात आहे. त्या काळी मराठवाड्यातल्या मुलाला उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. तिथे मराठी शिकवणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर हे कुरुंदकरांचे मामा, मोरोपंतांचे व्यासंगी अभ्यासक. मामांच्या सहवासात भाच्याला वाचनाचे वेड लागले. इंटरच्या परीक्षेने त्यांना अडवले, पुस्तकांनी नाही. पुढे नांदेडला शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य.

एका पुस्तकामुळे दोन वाचक किती जवळ येतात, याचा माझ्या मते मराठीतला सर्वांत सुंदर दाखला ‘श्रीमान योगी’चा. रणजित देसाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे, कुरुंदकर नांदेडचे. मध्ये अख्खा महाराष्ट्र. कादंबरीची गाजलेली प्रस्तावना म्हणजे कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेले प्रदीर्घ पत्रच. बखरी आणि इतिहासाची साधने कोळून प्यालेला माणूस दुसऱ्या वाचकाशी मन मोकळे करतो आहे, असे ते वाचावे. पुष्कळांनी आधी ती प्रस्तावना वाचली, मग कादंबरी.

 

कुरुंदकर 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादेत एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच गेले. वय अवघे 49.